काळाची मिती बांधताना : पुण्यातील एका दुकानसाखळीच्या विक्री-क्यूबच्या नोंदी

पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून नऊ शाखा असलेल्या, घरगुती उपकरणे विकणाऱ्या एका विक्रेत्याकडे मी अहवालांचे काम पाहतो. जून २०२५ मध्ये माझी सहकारी आणि मी, अशा दोघांनी विक्री आणि साठा यांचा क्यूब (वस्तू, शाखा, काळ अशा अनेक बाजूंनी आकडे पाहता येतील अशी माहितीची रचना) एसक्यूएल सर्व्हर अ‍ॅनालिसिस सर्व्हिसेस या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या स्टँडर्ड आवृत्तीवर नव्याने बांधायला घेतला. वस्तू, ग्राहक आणि शाखा या तीन मिती (आकडे पाहण्याच्या बाजू) चार दिवसांत उभ्या राहिल्या; काळाची मिती मात्र सप्टेंबरपर्यंत पुरली. तारीख ही सर्वांत सोपी गोष्ट आहे असे समजून आम्ही सुरुवात केली होती आणि वेळ नेमका तिथेच गेला, म्हणून या नोंदी फक्त त्या एका मितीच्या आहेत.

नोंद १ : २ जून २०२५, सोमवार

काळाचा तक्ता तयार करण्यासाठी आम्ही बिलांच्या तक्त्यातून वेगवेगळ्या तारखा निवडून घेतल्या, प्रत्येक तारखेचे वर्ष, तिमाही, महिना आणि वार काढला, आणि वर्ष, महिना, दिवस जोडून होणारा आठ आकडी पूर्णांक किल्ली (ओळ ओळखण्याचा क्रमांक) म्हणून ठेवला. १८ सप्टेंबर २०२४ ची किल्ली २०२४०९१८. बिले एप्रिल २०१८ पासूनची असल्यामुळे तक्ताही १ एप्रिल २०१८ पासून सुरू झाला. पावणेदोन तासांत काम आटोपले आणि क्यूब पहिल्याच प्रयत्नात प्रोसेस झाला, म्हणजे माहिती भरून तयार झाला. आठ आकडी किल्लीचा निर्णय शेवटपर्यंत टिकला. त्या दिवशीचे बाकी काहीही टिकले नाही.

नोंद २ : ५ जून, गुरुवार

बाजीराव रस्त्यावरील शाखेचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते रोजमेळाची वही अजूनही स्वतःच्या हाताने लिहितात. त्यांना पहिला अहवाल पाहण्यासाठी पाठवला होता. दुपारी त्यांचा फोन आला : "अहो, १८ सप्टेंबरच्या ओळीत मागील वर्षाचा म्हणून जो आकडा दिसतो आहे, तो माझ्या वहीत १७ तारखेला आहे. आणि पुढचे सगळेच दिवस एकेकाने मागे आहेत."

बेरजा तपासल्या तर महिन्याची बेरीज पैशापर्यंत बरोबर होती, म्हणून आम्ही आधी वहीवरच शंका घेतली, आणि त्याबद्दल काकांची क्षमाही मागितली. कारण असे निघाले. मागील वर्षाशी तुलना करण्यासाठी आम्ही वापरलेले पॅरलल पीरियड हे फंक्शन तारीख वाचत नाही. ते क्रमांक मोजते. चालू महिन्यातील सतरावा सदस्य (इथे तक्त्यातील दिवस) दिला, तर ते मागील वर्षीच्या त्याच महिन्यातील सतरावा सदस्य शोधून देते. आमचा तक्ता बिलांच्या तारखांवरून बनलेला, आणि अनंत चतुर्दशीला, विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी, आमच्या सर्व शाखा बंद असतात. त्यामुळे २०२४ मध्ये १७ सप्टेंबर आणि २०२३ मध्ये २८ सप्टेंबर हे दिवस तक्त्यात नव्हतेच. परिणामी १८ सप्टेंबर २०२४ हा त्या महिन्याचा सतरावा सदस्य ठरला आणि त्याच्यासमोर १७ सप्टेंबर २०२३ येऊन बसला. ही चूक २८ तारखेपर्यंत चालली. २९ आणि ३० तारखेला दोन्ही वर्षांतील एकेक गाळलेला दिवस मागे पडल्यामुळे आकडे पुन्हा जुळले. महिन्याची सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, बेरीज बरोबर आणि मधले अकरा दिवस चुकीचे, अशी ती चूक होती. वही हाताने लिहिणारा माणूस नसता, तर ती कधीच सापडली नसती.

बिलांवरून तक्ता बनवणे बंद केले. आता तारखा एका साध्या चक्राने सलग तयार होतात, दुकान उघडे असो वा नसो. गेलेला वेळ : अकरा तास.

नोंद ३ : ९ जून, सोमवार

महिन्याला १ ते १२ अशी किल्ली दिली होती. वर्ष, तिमाही, महिना अशी उतरंड जोडताच किल्ली दुबार असल्याची त्रुटी येऊ लागली. ती नीट न वाचता मी त्रुटीकडे दुर्लक्ष करण्याची सेटिंग चालू केली. हा या कामातील माझा सर्वांत चुकीचा निर्णय होता, कारण त्यानंतर क्यूब विनातक्रार प्रोसेस झाला आणि प्रत्येक महिन्याची सर्व वर्षांची विक्री एकाच आर्थिक वर्षाखाली जमा झाली. महिन्याच्या किल्लीत वर्ष असलेच पाहिजे, हे त्या दिवशी शिकलो, आणि दुबार किल्लीची त्रुटी आता काम थांबवते.

दुसरी चूक याच दुरुस्तीतून जन्मली. आर्थिक महिन्याची किल्ली आम्ही आर्थिक वर्षाचा आरंभ आणि महिन्याचा क्रम यांची मिळून केली. म्हणजे एप्रिल २०२४ साठी २०२४०१. पण कॅलेंडर महिन्यांच्या किल्ल्यांमध्ये २०२४०१ म्हणजे जानेवारी २०२४. विक्रीची लक्ष्ये कॅलेंडर महिन्यांनुसार नोंदलेली असतात. सहकारीने ती चुकून आर्थिक किल्लीशी जोडली आणि जानेवारीचे लक्ष्य एप्रिलसमोर, फेब्रुवारीचे मे महिन्यासमोर गेले. दोन्ही आकडे रूपाने सारखेच असल्यामुळे कोणत्याही तपासणीने अडवले नाही. आता आर्थिक किल्ली सात आकडी आहे : १२०२४०१. दोन वेगळ्या अर्थांच्या किल्ल्या दिसायलाही वेगळ्या असाव्यात.

नावांबद्दल थोडेसे. महिने नावाने लावले तर मराठीत एप्रिल पहिला येतो, त्यामुळे पहिल्या नजरेत यादी आर्थिक वर्षाप्रमाणेच लागली आहे असे वाटते. पण त्याच्या पाठोपाठ ऑक्टोबर आणि ऑगस्ट येतात. क्रम किल्लीनेच लावावा. वर्षाच्या नावात '२०२४-२५' असे दोन्ही अंक ठेवले, कारण पुरवठादार त्याच वर्षाला 'एफवाय २५' म्हणतात आणि आमच्या लेखा विभागात २०२५-२६ हे त्याच वर्षाचे आकारणी वर्ष म्हणून तोंडात असते.

नोंद ४ : १२ जून, गुरुवार

पॅरलल पीरियडची क्रमांक मोजण्याची तीच सवय तक्त्याच्या काठावर पुन्हा आडवी आली. आर्थिक वर्षाची उतरंड आता व्यवस्थित होती. कॅलेंडर वर्षाच्या उतरंडीत मात्र जानेवारी २०१९ ची तुलना एप्रिल २०१८ शी होत होती. तक्ता १ एप्रिल २०१८ ला सुरू होत असल्यामुळे कॅलेंडर वर्ष २०१८ चा पहिला महिना एप्रिल ठरला होता, एवढेच त्याचे कारण.

तक्ता १ जानेवारी २०१८ पासून सुरू केला तरी प्रश्न मिटत नाही, फक्त जागा बदलतो : मग आर्थिक वर्ष २०१७-१८ अपुरे राहते आणि त्याची पहिली तिमाही जानेवारी ते मार्च अशी दिसते. दोन उतरंडी वेगवेगळ्या महिन्यांत सुरू होत असल्यामुळे एका टोकाला एक वर्ष अपुरे राहणारच. ते अपुरे वर्ष बिले सुरू होण्याच्या इतके आधी ढकलायचे की त्याच्यापर्यंत कोणतीही तुलना पोहोचू नये, हाच उपाय आहे. आम्ही तक्ता १ जानेवारी २०१७ ते ३१ डिसेंबर २०२७ असा केला. एकूण ४०१७ ओळी. इतक्या लहान तक्त्यात काटकसर करण्याचे काहीच कारण नव्हते, आणि आम्ही तीच केली होती.

नोंद ५ : १८ जून, बुधवार

एक पुरवठादार आठवड्यांनुसार अहवाल मागतो आणि त्याचा आठवडा आयएसओ ८६०१ प्रमाणे चालतो : सोमवारी सुरू होतो, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो आठवडा पहिला. एसक्यूएल सर्व्हर हा क्रमांक थेट देतो, पण त्या क्रमांकाचे वर्ष देत नाही. आम्ही क्रमांकाला कॅलेंडर वर्ष जोडले. ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ हे दिवस आयएसओप्रमाणे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतात. आमच्याकडे ते '२०२४, आठवडा १' मध्ये, १ ते ७ जानेवारी २०२४ च्या सोबत जाऊन बसले. तो आठवडा नऊ दिवसांचा झाला.

दुरुस्ती एका ओळीची आहे. त्या तारखेच्या आठवड्यातील गुरुवार काढावा आणि त्या गुरुवारचे वर्ष हेच आठवड्याचे वर्ष मानावे. आठवडा महिन्यात पूर्ण मावत नाही, म्हणून आठवड्याची उतरंड महिन्यांच्या उतरंडीला जोडण्याचा मोह टाळला आणि ती स्वतंत्र ठेवली. २०२० मध्ये ५३ आठवडे होते आणि २०२६ मध्येही असतील, तेव्हा त्या शेवटच्या आठवड्यासमोर मागील वर्षाचा रकाना रिकामाच राहील. पुरवठादाराला हे आधीच कळवले आहे.

नोंद ६ : २३ जून, सोमवार

पालख्या काल पुण्यातून पुढे गेल्या. शुक्रवार आणि शनिवारी मध्यवर्ती भागातील आमच्या दोन शाखांमध्ये विक्री जवळजवळ नव्हती, कारण रस्ते वाहनांसाठी बंद होते. वाकड आणि हडपसरमध्ये शनिवार नेहमीसारखा गेला. गेल्या वर्षी पालख्यांचा मुक्काम ३० जून आणि १ जुलैला होता, म्हणजे एक दिवस पहिल्या तिमाहीत आणि दुसरा दुसऱ्या तिमाहीत.

यातून आमची एक मूळ चूक उघड झाली. तारखेच्या तक्त्यात आम्ही 'सुट्टीचा दिवस' असा हो-नाही रकाना ठेवला होता आणि शनिवार-रविवारला 'हो' लिहिले होते. भोसरीच्या शाखाप्रमुखांशी बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "दादा, आमचा रविवार गुरुवारी असतो." औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, कामगार कुटुंबासह त्या दिवशी खरेदीला येतात, आणि त्या शाखेची आठवड्यातील सर्वांत मोठी विक्री गुरुवारी होते. मध्यवर्ती शाखा सोमवारी बंद असते. दिवस सुट्टीचा आहे की नाही, हा तारखेचा गुणधर्म नसून तारीख आणि शाखा यांच्या जोडीचा आहे.

तो रकाना काढून टाकला आणि 'शाखा-दिवस' असा वेगळा तक्ता केला : प्रत्येक शाखेसाठी प्रत्येक तारखेची एक ओळ, म्हणजे ४०१७ गुणिले ९, एकूण ३६,१५३ ओळी. त्यात उघडे, बंद, अर्धा दिवस, रस्ता बंद एवढेच लिहिलेले असते. 'दररोजची सरासरी विक्री' आता कॅलेंडरमधील दिवसांनी न भागता उघड्या दिवसांनी भागली जाते. जुनी माहिती शाखाप्रमुखांकडून भरून घ्यायला आठ दिवस लागले, आणि त्यात सर्वांत उपयोगी पडल्या त्या काकांच्या वह्या.

नोंद ७ : २ ते ८ जुलै

साठा. विक्रीची बेरीज करता येते, साठ्याची काळावर बेरीज करता येत नाही, हे आम्हाला माहीत होते. तरीही पहिल्या लोडमध्ये (क्यूबमध्ये माहिती भरताना) बेरीज हाच नियम राहून गेला आणि दुकानात १४ नग असलेल्या एका फ्रिजचे जून महिन्यात ४२० नग दिसले.

महिन्याचा साठा म्हणजे महिन्यातील शेवटच्या नोंदीचा साठा. यासाठी लास्ट नॉन-एम्प्टी हा नियम बरोबर आहे, पण तो स्टँडर्ड आवृत्तीत नाही. तिथे या जातीचा फक्त लास्ट चाइल्ड मिळतो. लास्ट चाइल्ड रिकाम्या दिवसाचा विचार करत नाही, शेवटचा दिवस तेवढा पाहतो. जून बरोबर आला. जुलै रिकामा, चालू तिमाही रिकामी, चालू वर्ष रिकामे, कारण ३१ जुलै, ३० सप्टेंबर आणि ३१ मार्च अजून उजाडलेले नाहीत.

पहिला उपाय म्हणून एमडीएक्समध्ये (क्यूबला प्रश्न विचारण्याच्या भाषेत) प्रत्येक कालखंडातील शेवटचा भरलेला दिवस शोधणारे सूत्र लिहिले. उत्तर बरोबर येत होते, पण जो अहवाल चार सेकंदांत उघडत असे, त्याला मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू लागला. साठ्याच्या तक्त्यात एका वर्षाच्या सुमारे ४६ लाख ओळी आहेत आणि ते सूत्र प्रत्येक चौकटीसाठी त्या चाळत होते. दोन दिवस त्या सूत्राला वेग देण्यात घालवले. ते घालवायला नको होते.

टिकलेला उपाय अगदी साधा आहे. तारखेच्या तक्त्यात 'शेवटचा लोड दिवस' असा रकाना केला, ज्यात दररोज रात्री फक्त एका ओळीला १ लिहिला जातो. ज्या महिन्यात, तिमाहीत आणि वर्षात तो दिवस येतो, तेवढ्यांपुरते स्कोपने (क्यूबच्या निवडक भागालाच सूत्र लावणाऱ्या आज्ञेने) त्या दिवसाचे मूल्य ठेवले. बाकी सर्वत्र लास्ट चाइल्ड. अहवाल पुन्हा चार सेकंदांवर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोड बंद पडलेला होता. तारखेची सर्व नाती आम्ही 'रिजिड' (न बदलणारी) ठेवली होती, कारण तारखेचा महिना कधी बदलत नाही. पण हा नवा रकाना दररोज बदलतो, आणि रिजिड नात्यातील बदल सर्व्हर स्वीकारत नाही. त्या एका नात्याला 'फ्लेक्सिबल' (बदलू शकणारे) केले. फ्लेक्सिबल नाते असले की मिती अद्ययावत करताना त्यावर अवलंबून असलेली अ‍ॅग्रिगेशन्स (आधीच काढून ठेवलेल्या बेरजा) पुसली जातात, म्हणून मितीनंतर क्यूबच्या इंडेक्स प्रक्रियेची, म्हणजे त्या बेरजा पुन्हा काढण्याची, पायरीही रात्रीच्या कामात घातली. ही पायरी विसरली तर त्रुटी येत नाही, अहवाल फक्त मंद होतात, आणि मग दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

नोंद ८ : ९ जुलै, बुधवार

संकेतस्थळावरील ऑर्डरींची वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जाते आणि आम्ही ती तशीच तारखेत बदलत होतो. १ एप्रिल २०२५ च्या रात्री ००:४७ वाजताची एक ऑर्डर यूटीसीमध्ये ३१ मार्चच्या १९:१७ ची आहे. ती मागील आर्थिक वर्षात मोजली गेली. तारीख काढण्याआधी साडेपाच तास मिळवणे, एवढीच दुरुस्ती. दिवसातील वेळ तारखेच्या मितीत न घालता १४४० ओळींची वेगळी मिनिट-मिती केली. एकत्र केली असती तर एका वर्षाच्याच ५,२५,६०० ओळी झाल्या असत्या.

नोंद ९ : १५ ते २४ जुलै

मालकांना क्यूब दाखवला. त्यांनी आर्थिक वर्षांचा आलेख पाहिला आणि विचारले, "२०२३-२४ मध्ये आपण एवढे का घसरलो, आणि पुढच्याच वर्षी असे काय केले?" आम्ही शाखा, ब्रँड, किमती असे सगळे उलगडून पाहिले. उत्तर सापडले नाही. लेखा विभागातील ज्येष्ठ बाईंनी ते चहा घेताना दिले : "त्या वर्षी पाडवा आलाच नव्हता."

मी तारखा लिहून काढल्या. गुढीपाडवा २०१९ मध्ये ६ एप्रिलला होता, २०२० मध्ये २५ मार्चला, २०२१ मध्ये १३ एप्रिलला, २०२२ मध्ये २ एप्रिलला, २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला. आर्थिक वर्षे मांडली तर असे दिसते :

२०१९-२० : दोन पाडवे
२०२०-२१ : एकही नाही
२०२१-२२ : एक
२०२२-२३ : दोन
२०२३-२४ : एकही नाही
२०२४-२५ : दोन

साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त, ज्या दिवशी टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन घरी आणण्याची आपल्याकडे रीत आहे, तो आमच्या हिशेबाच्या वर्षातून कधी गायब होतो आणि कधी दोनदा येतो. त्यातही २०२० चा पाडवा म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस, त्यामुळे २०१९-२० मधील दुसरा पाडवा कागदावरच राहिला. आर्थिक वर्षाच्या वाढीवर आमच्याकडे शाखाप्रमुखांचा प्रोत्साहन भत्ता ठरतो. २०२३-२४ मध्ये कोथरूडच्या शाखाप्रमुखांचा भत्ता 'विक्री घटली' म्हणून कापला गेला होता. त्या शाखेची त्या वर्षीची अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी मी एकेक करून तपासली. तिन्ही आधीच्या वर्षाहून चांगल्या होत्या. तो आकडा पाहिल्यापासून काळाच्या मितीला मी केवळ तांत्रिक बाब मानत नाही. एखाद्याची मेहनत कमी दाखवण्याची ताकद तिच्यात आहे.

सणांची मिती बांधताना आम्ही दोन मोठ्या चुका केल्या आणि दोन्ही सांगण्यासारख्या आहेत.

पहिली चूक. पाडव्याची तारीख सूत्राने काढावी म्हणून सहकारीने शक दिनदर्शिकेचे एक तयार गणित आणले. २०२३ वर तपासले : चैत्र १, २२ मार्च. पंचांगाशी तंतोतंत जुळले आणि आम्ही पुढे गेलो. ते गणित भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेचे होते. २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेली ही दिनदर्शिका सौर आहे. तिचा चैत्र १ दरवर्षी २२ मार्चलाच येतो, आणि लीप वर्षी २१ मार्चला. पाडवा चांद्र महिन्याचा. २०२३ मध्ये दोन्ही योगायोगाने एकाच दिवशी आले आणि आम्ही तपासणीसाठी नेमके तेच वर्ष निवडले. २०२४ मध्ये आमच्या तक्त्यात पाडवा २१ मार्चला होता, बाजारात ९ एप्रिलला. मध्ये २०२३ चा अधिक श्रावण येऊन गेला होता, हे त्या गणिताला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यानंतर सूत्राचा नाद सोडला आणि सात वर्षांचे आठ प्रसंग, एकूण ५६ ओळी, छापील पंचांगांतून हाताने भरल्या. एका संध्याकाळचे काम. हाताने भरण्याचा आणखी एक फायदा म्हणजे निर्णय आपल्या हातात राहतो : २०२४ चे लक्ष्मीपूजन इतर अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबरला झाले, पण आमचे ग्राहक ज्या पंचांगाने चालतात त्यात ते १ नोव्हेंबरला होते, आणि आम्ही तेच धरले.

दुसरी चूक. सणाची खरेदी फक्त त्या दिवशी होत नाही, म्हणून प्रत्येक सणाच्या आधीचे नऊ दिवस आणि नंतरचे तीन दिवस अशी तेरा दिवसांची खिडकी ठरवली आणि प्रत्येक दिवसाला सणापासूनचे अंतर दिले : उणे नऊ ते अधिक तीन. दसरा ते लक्ष्मीपूजन हे अंतर १९ किंवा २० दिवसांचे असल्याने या दोन खिडक्या एकमेकींवर येत नाहीत. पण 'कोणत्या वर्षीचा पाडवा' यासाठी आम्ही शकाचा आकडा वापरला. शक पाडव्यालाच बदलतो. त्यामुळे ९ एप्रिल २०२४ पासूनचे दिवस शके १९४६ मध्ये गेले आणि त्याच पाडव्याच्या आधीचे नऊ दिवस शके १९४५ मध्ये, म्हणजे २०२३ च्या पाडव्याच्या खात्यात. बुकिंग एका वर्षात आणि डिलिव्हरी दुसऱ्या वर्षात. शकाचा रकाना काढून प्रत्येक प्रसंगाला स्वतःचा अनुक्रमांक दिला. आता उतरंड सण, प्रसंग, अंतर अशी आहे आणि तिला महिन्याशी किंवा तिमाहीशी काहीही देणेघेणे नाही.

पितृपक्षालाही याच तक्त्यात स्थान दिले, कारण त्या पंधरवड्यात लोक मोठी खरेदी टाळतात आणि तो कधी सप्टेंबरमध्ये पूर्ण बसतो, कधी ऑक्टोबरमध्ये उतरतो. गेलेला वेळ : सुमारे पन्नास तास, त्यातील तीस चुकांचे.

नोंद १० : ३० जुलै, बुधवार

'मागील वर्षाशी तुलना' या शब्दांचे आता तीन अर्थ झाले होते : तीच तारीख, तोच वार, आणि सणापासून तेवढ्याच अंतरावरचा दिवस. आधी हे तिन्ही अर्थ तीन सूत्रांत लिहिले होते आणि कोणता अहवाल कोणते सूत्र वापरतो, हे आम्हा दोघांनाही आठवत नसे. आता तारखेच्या प्रत्येक ओळीत तीन रकाने आहेत आणि प्रत्येकात समकक्ष दिवसाची आठ आकडी किल्ली उघड लिहिलेली आहे. वाराच्या रकान्यात ३६४ दिवस आधीचा दिवस. सणाच्या रकान्यात खिडकीतील दिवसांपुरती किल्ली, बाकी रिकामे. शंका आली तर कोणीही तक्ता उघडून १८ सप्टेंबर २०२४ समोर काय लिहिले आहे ते वाचू शकतो. काकांनी पहिल्याच दिवशी वीस ओळी वाचून तपासल्या.

तीच तारीख या रकान्यात एक अडचण होती : २९ फेब्रुवारी २०२४. तिच्यासमोर २८ फेब्रुवारी २०२३ लिहिली तर त्या एका दिवसाची विक्री दोनदा मोजली जाते आणि मागील वर्षाचा फेब्रुवारी फुगतो. आम्ही तो रकाना रिकामा ठेवला आणि अहवालाच्या तळाशी तसे लिहिले.

नोंद ११ : १४ ऑगस्ट, गुरुवार

बिलाची तारीख, डिलिव्हरीची तारीख आणि जोडणीची (उपकरण घरी बसवण्याची) तारीख, अशा तीन भूमिकांत एकच काळमिती वापरली. एक्सेलमध्ये 'आर्थिक वर्ष' हे नाव तीनदा दिसू लागले, कारण भूमिका बदलली तरी आतील रकान्यांची नावे बदलता येत नाहीत. दोन शाखांनी महिनाभर डिलिव्हरीच्या तारखेने विक्री पाहिली. जोडणीची भूमिका काढून टाकली आणि त्याऐवजी 'जोडणीला लागलेले दिवस' असे मोजमाप दिले; विचारणारे खरे तर तेच विचारत होते. डिलिव्हरी न झालेल्या बिलांसाठी किल्ली उणे एक, नाव 'अद्याप पोहोच नाही'. आधी ती बिले लोडमध्येच गळत होती.

नोंद १२ : ८ सप्टेंबर, सोमवार

नव्या मितीची पहिली खरी कसोटी गणपतीत झाली. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, गेल्या वर्षी ७ सप्टेंबरला. खिडकीचे तेराही दिवस यंदा ऑगस्टमध्ये आले, १८ ते ३० तारखेपर्यंत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यातील तीनच होते. महिन्याच्या तुलनेत ऑगस्ट झळाळून दिसत होता. सणाच्या अंतराने तुलना केल्यावर वाढ निम्म्याहून कमी निघाली, पण ती खरी होती, आणि नऊपैकी कोणत्या दोन शाखांत ती मुळीच नव्हती हेही दिसले. मालकांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले आणि यंदाच्या भत्त्यासाठी सणाच्या अंतराचा आकडा धरायचे ठरवले. कोथरूडच्या जुन्या प्रकरणाचा कागदही मी त्यांच्यासमोर ठेवला आहे. निर्णय व्हायचा आहे.

त्यात ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले, २२ सप्टेंबरपासून. दुसऱ्या दिवसापासून ग्राहक येतात, किंमत विचारतात आणि २२ तारखेनंतर येतो म्हणून सांगतात. २२ सप्टेंबरला घटस्थापना आहे. म्हणजे थांबलेली खरेदी आणि नवरात्राची खरेदी एकाच दिवसापासून एकमेकींत मिसळणार, आणि त्याआधी पितृपक्ष, जो आजच सुरू झाला.

आज सहकारीने प्रसंगांच्या तक्त्यात 'करबदल' अशी ओळ घातली, ४ ते २१ सप्टेंबर. ही खिडकी फक्त त्या तीन वस्तुगटांना लागू होते, म्हणून तारीख आणि शाखा यांच्यासोबत वस्तूची किल्लीही तिथे लागली. फ्रिज आणि वॉशिंग मशीन आधीपासूनच १८ टक्क्यांत आहेत. त्यांच्यासाठी आजपासूनचे दिवस केवळ पितृपक्षाचे आहेत आणि त्यांची तुलना नेहमीप्रमाणे चालेल. एसी आणि टीव्हींच्या समकक्ष दिवसाच्या रकान्यात काय लिहावे, यावर आम्ही तासभर बोललो आणि अठराही दिवस रिकामे ठेवले.